अर्ध्या तासाचा बाक

भर मे महिन्यात कानटोपी घालून हिंडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बाहेर वर्ध्याचं ऊन असं, की स्कूटरवर बसण्याआधी सीटवरून ओला रुमाल फिरवावा लागतो. आणि या बाई चॉकलेटी लोकरीची कानटोपी, अंगात स्वेटर, पायात मोजे अशा थाटात दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या. नवीन माणूस घाबरून बाजूला सरकायचा. त्याला वाटायचं, ही इथलीच पेशंट असणार, आणि आजार डोक्याचा. खरं म्हणजे त्या तिथल्या सोनोग्राफीच्या मोठ्या डॉक्टर होत्या. मशीनच्या खोलीतला एसी त्यांच्या कानाला सोसायचा नाही, आणि घडीघडी बाहेर येऊन रांगेतल्या लोकांशी बोलल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. टोपी काढायची आणि घालायची कटकट कोण करणार? म्हणून ती डोक्यावरच राहिली.

त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मीही इथं तेच म्हणते. साठीच्या घरातल्या, काटकुळ्या. आवाज मात्र कापसाच्या लिलावात सहज चालून गेला असता. माहेर आर्वीकडचं. शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायच्या, पेशंटशी अस्सल वऱ्हाडीत, आणि नातेवाइकांशी शक्यतो बोलायच्याच नाहीत. नातेवाईक ही जातच त्यांना आवडत नसे. मी त्या जातीतली, त्यामुळे आमची सुरुवात काही बरी झाली नाही.

आम्ही सिंदी मेघेत राहतो. माझी आई कित्येक वर्षं घराच्या पुढच्या खोलीत कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवायची. आता गुडघे गेले, साखरेनं किडन्या अशक्त झाल्या, मेस बंद झाली. मी कचेरीत कारकून आहे. त्या किडन्यांसाठीच एका साध्या दवाखान्यात आईची सोनोग्राफी करायला गेलो, तर तिथल्या डॉक्टरांचा हात उजव्या बरगडीखाली थबकला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "किडनीचं आहे तसंच आहे. पण लिव्हरमध्ये एक गाठ दिसते."

गाठ. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. माझी मावशी गाठीनंच गेली, आणि ती आईच्या पाठची होती. आता ही गाठ तसलीच आहे की साधी, एवढं एकच मला कळायला हवं होतं. ते कळत नव्हतं, कारण औषध टोचून सीटी स्कॅन करायचा म्हटलं तर किडनीचे डॉक्टर नको म्हणाले. त्या औषधानं उरलीसुरली किडनीही दुखावेल अशी त्यांना धास्ती होती. औषध न टोचता केला तर गाठ कसली ते समजेलच असं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं, "मोठ्या दवाखान्यात एक वेगळी सोनोग्राफी होते. नसेतून थोडं औषध देतात आणि वरून नेहमीसारखं पाहतात. त्याचा किडनीवर भार नाही. तिथं जा."

आईला मी एवढंच सांगितलं की किडनीचीच तपासणी आहे, जरा मोठ्या मशीनवर. आमच्याकडे असंच करतात. म्हाताऱ्या माणसाच्या कानावर भलता शब्द पडू द्यायचा नाही, आणि डॉक्टरला आधीच डोळ्यांनी खुणावून ठेवायचं. त्याप्रमाणे बाईंनी कागद हातात घेतल्याबरोबर मी आईच्या मागे उभी राहून त्यांना डोळा मारला.

बाईंनी कागद खाली ठेवला. "डोळा कायले मारून राह्यल्या तुम्ही?"

मी मेल्याहून मेले. बाई आईकडे वळल्या. "ताई, हे पोरगी तुमच्यापासून लपवून राह्यली. तुमच्या लिव्हरात एक गाठ दिसली. कशाची आहे ते आम्हाले माहीत नाही. साधी असू शकते, खराब असू शकते. तेच पाहाले तुम्ही इथं आल्या. पोट ज्याचं, त्यानं पह्यले ऐकाचं."

आई शांतपणे म्हणाली, "मले समजलतं. कालपासून हे माह्याशी गोड बोलून राह्यली. तवाच म्हटलं, काही तरी खराब निघालं."

"पोट ज्याचं, त्यानं पह्यले ऐकाचं." हे बाईंचं ब्रीदवाक्य. ते त्या नवऱ्यांना ऐकवायच्या, मुलांना ऐकवायच्या, एकदा म्हणे एका पुढाऱ्यालाही ऐकवलं होतं. सुनेसोबत सासू आली, की आधी सासूला पाण्याची बाटली भरायला पिटाळायच्या आणि मग सुनेला विचारायच्या, "दिवस तर नाही ना गेलेले? लेकरू अंगावर पिते का?" त्या औषधाच्या आधी हे कळावं लागतं, आणि सासूसमोर ते कळत नाही. सासू पाणी घेऊन परत यायच्या आत सगळं विचारून झालेलं असायचं.

दुसरा त्यांचा राग उपाशीपणावर. पोटाच्या तपासणीला काही तास उपाशी या म्हटलं, की आपले लोक पाण्यालाही शिवत नाहीत आणि बीपीची गोळीसुद्धा सोडून येतात. केळझरच्या गणपतीची चतुर्थी करणारी माणसं, उपास म्हटला की कडकच करणार! मग टेबलावर झोपवल्यावर बीपी चढलेलं. बाई ओरडायच्या, "देवाचा उपास वेगळा, मशीनचा वेगळा! कोणती गोळी घ्याची, कोणती नाही, हे आधी इचारत जा ना!" आणि ओरडून झालं की स्वेटरच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून टेबलाशेजारी ठेवायच्या, तपासणीनंतर खायला. त्यांचं स्वतःचं दुपारचं जेवणही बहुधा तेच असायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे 'घाबरू नका' हे दोन शब्द त्यांच्या विभागात कोणी काढायचे नाहीत. एक शिकाऊ डॉक्टर माझ्या देखत आईला म्हणाला, "आजी, घाबरू नका." बाई तिथूनच कडाडल्या, "काऊन? भेव काय तुह्या घरचं आहे? भिऊ दे त्यांले. फक्त खऱ्या गोष्टीले भिऊ दे, खोट्याले नको."

आणि खोट्याला भिण्यावरचा त्यांचा इलाज म्हणजे तो बाक.

मशीनच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून एक लाकडी बाक होता. नसेतून औषध दिलेल्या माणसाला लगेच घरी सोडत नाहीत. अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात, हातातली सुईची नळीही काढत नाहीत, न जाणो काही त्रास झाला तर. इतर ठिकाणी माणूस तो अर्धा तास मोबाइल पाहत काढतो. बाईंनी त्याला काम लावलं होतं. ज्याची तपासणी झाली, त्यानं बाकावर बसून पुढच्या पेशंटला सगळं समजावून सांगायचं. मग त्या पुढच्या पेशंटनं आत जाऊन ते बाईंना म्हणून दाखवायचं. चुकलं, तर दोघांचीही बिनपाण्यानं. लोक हसायचे, कुरकुरायचे. पण सांगायला लागले की असे रंगायचे, की अर्धा तास संपून गेला तरी उठायचे नाहीत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते तिथल्या सिस्टरनं मला सांगितलं. केळझरकडचे एक गृहस्थ आले होते. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, छातीत दुखलं होतं का, दम लागतो का, आधी कोणत्या इंजेक्शनानं अंगावर काही उठलं होतं का. गृहस्थ म्हणाले, नाही, नाही, नाही. कारण खरं सांगितलं तर नंबर जाईल आणि परत यावं लागेल. मग बाहेर बाकावर नंबराची वाट पाहत बसले असताना शेजारच्या अनोळखी बाईशी त्यांच्या गप्पा रंगल्या, आणि गप्पांत ते सहज बोलून गेले, की आठवड्यापूर्वी छातीत अशी कळ आली की रात्रभर बसून काढली. ती बाई उठली आणि थेट दारातून आत ओरडली. त्यांना टेबलाऐवजी हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि बरं झालं नेलं. हृदयाचं दुखणं ताजं असताना ते औषध सहसा देत नाहीत.

"माणूस डाक्टरशी खोटं बोलते," बाई तेव्हापासून म्हणत, "अन् बाजूवाल्यापाशी खरं." आणि बाक कायमचा झाला.

आता या बाकात एक खोट होती. सांगणारा जसा, तसं सांगणं. त्या दिवशी आईच्या वाट्याला आले एसटीतले निवृत्त कंडक्टर. माणूस मनमोकळा, पण प्रवाशांना आत रेटून रेटून सगळं आटोपतं घ्यायची सवय लागलेली. ते आईला म्हणाले, "काही नाई हो! हाताच्या नशीत हवेचे बुडबुडे सोडते. ते लिव्हरात जाते. मंग तोंडावाटे निंगून जाते. झालं! चला, पुढं सरका."

आईचा चेहरा मी पाहिला. रोज रात्री मालिका बघणारी बाई ती. नसेत हवा गेली की माणूस मरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खोटी नर्स रात्री खोलीत शिरते आणि रिकामी सिरिंज टोचते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं! तिनं पायात चपला सरकवल्या, पदर खोचला, आणि गुडघे दुखत असूनही अशा वेगानं निघाली की मी उठेपर्यंत ती गेटपाशी पोचली होती.

मी धावत गेले तोवर ती ऑटोत बसलेली. "चाल व. मरन पण असं नाई मरन. गाठीनं मेली तं देवानं मारलं म्हणीन. हवा भरून कायले मरू?"

मी विनवते आहे, ती ऐकत नाही, ऑटोवाला किल्ली फिरवतो आहे, एवढ्यात कानटोपी आणि स्वेटर घातलेल्या बाई रणरणत्या उन्हातून येताना दिसल्या. त्या आल्या आणि थेट ऑटोत आईच्या शेजारी बसल्या. मी पुढे ऑटोवाल्याच्या बाजूला कशीबशी टेकले. आईच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा डॉक्टरी सल्ला त्या ऑटोत झाला.

"ताई, गाडी जाऊ द्याची तर जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "पण खरं ऐकून जा."

"बुडबुडे सोडते का नाई नशीत?"

"सोडतो."

"मंग?"

"हवा नाही ते. दुसरा वायू आहे, जड असते. अन् बुडबुडा केवढा, तर तुमच्या रक्तात जे लाल कण आहेत ना, त्याहूनही लहान. जिथून कण जाते, तिथून हाही जाते. अटकत नाही कुठं. तुमच्या त्या मालिकेत सिरिंजभर हवा टोचते. आमचं सगळं औषध चहाच्या चमच्याइतकंही नाही."

"फुटला तं?"

"फुटाचाच आहे तो. त्याच्यावर पातळ साय असते, दुधावर येते तशी. थोड्या वेळात ते साय फाटते. वायू छातीत जाते अन् श्वासासोबत बाहेर. तुमच्या किडनीकडे तो फिरकतच नाही, म्हणून तर तुम्हाले हे तपासणी सांगतली. क्ष-किरणंही नाहीत याच्यात."

आईनं खोचलेला पदर सोडला. मग तिनं तो प्रश्न विचारला जो मी विचारायला घाबरत होते. "अन् मले काही झालं तं?"

दुसरा कोणीही म्हणाला असता, काही होत नाही. बाई म्हणाल्या, "क्वचित एखाद्याले होते. अंगावर गांधी येते, खाज सुटते, दम लागते, चक्कर येते. नेहमी नाही, पण कोणाले तरी होते, अन् ते तुम्हीही असू शकता. म्हणून तर अर्धा घंटा बसवून ठेवतो. त्यावरची औषधं हाताशी असते, मी तिथंच असते. काहीही वाटलं तर लाजाचं नाही. बोंबलाचं."

ऑटोवाला मान मागे वळवून ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, गाठ दिसनच काय पण याच्यात?"

"ते मी पाह्यल्याबिगर नाही सांगत," बाई त्याला म्हणाल्या. "पोटात गॅस असला, चरबी जास्त असली, गाठ खोल असली, तर नाही दिसत. मग दिसलं नाही म्हणीन अन् दुसरी तपासणी सांगीन."

'दिसलं नाही' हे म्हणायला बाईंना कधीच कमीपणा वाटला नाही. एकदा कोणीतरी त्याबद्दल वर तक्रारही केली होती. बाई म्हणाल्या होत्या, न दिसलेलं सांगायला मी काय ज्योतिषी आहे?

आईनं शेवटचं विचारलं. "अन् खराब निंगाली तं?"

"तं खराब आहे म्हणून सांगीन. पह्यले तुम्हाले. मग या डोळा मारणारीले."

आई खुदकन हसली. कित्येक दिवसांत हसली नव्हती. ती ऑटोवाल्याला म्हणाली, "फिरव रे बाबू गाडी." त्यानं ऑटो वळवला आणि आम्हाला पार पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं.

कंडक्टरसाहेब बाकावर अंग चोरून बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, प्रवासी उतरून गेला तुमचा." मग त्यांना आईसमोर सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. या वेळी त्यांनी एकही थांबा सोडला नाही. त्या दिवसापासून बाकावरचं सांगणं 'हे हवा नाही' याच वाक्यानं सुरू व्हायचं, असा नियम झाला.

आत मला भिंतीला चिकटून उभं राहायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. आईच्या हातात सुई आधीच लावलेली होती. पोटावर नेहमीचा तो गार चिकट पदार्थ लावला. पडद्याचे दोन भाग होते. एकीकडे नेहमीचं करडं चित्र, दुसरीकडे नुसता काळोख. बाईंनी पडदा आईकडे वळवला. बाकीचे डॉक्टर तो स्वतःकडे वळवून ठेवतात, बाई पेशंटकडे वळवायच्या आणि स्वतः मान वाकडी करून बघायच्या.

औषध गेलं, मागोमाग सलाइनचं पाणी गेलं. बाई एकदम गप्प झाल्या. दिवसभर तोंड चालू असणारी बाई गप्प झाली, की खोलीतला एसीसुद्धा मोठ्यानं ऐकू येतो. फक्त मधूनमधून, "श्वास घ्या. धरा. सोडा."

आणि काळोखात उजेड आला. आईच्या लिव्हरमध्ये ठिपके चमकायला लागले, मग ओघळ, मग सगळं लिव्हर उजळलं. मधोमध ती गाठ मात्र काळीच. मी डोळे मिटून घेतले. नंतर उघडून पाहिलं, तर गाठीच्या काठाकाठानं चमकते पुंजके धरले होते. ते हळूहळू आत सरकत होते. बाई पाहत राहिल्या. मला वाटलं, आता ही बोलणारच नाही. मावशीचा शेवटचा महिना माझ्या डोळ्यांसमोरून जाऊन आला.

मग बाईंनी डोक्यावरची कानटोपी काढली. मी प्रथमच त्यांचे केस पाहिले, पांढरे, पोरासारखे बारीक कापलेले. शिकाऊ पोरांनी एकमेकांकडे पाहून सुस्कारा सोडला. त्यांना ठाऊक होतं. बाई टोपी काढायच्या ती फक्त चांगली बातमी असली तरच.

"ताई," त्या म्हणाल्या, "खराब गाठ बहुतेक एकदम भरते अन् मग लवकर विझते. तुमची काठापासून भरत आत आली, अन् विझली नाही. हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे नुसता. कॅन्सर नाही. बहुतेक कित्येक वर्षांपासून असन. सहा महिन्यांनी परत एकदा पाहून घेऊ."

आई पडद्याकडेच पाहत होती. "धिरड्यावानी शिजलं व ते. काठाकडून आत."

बाईंना ते इतकं आवडलं की पुढे शिकाऊ पोरांना शिकवताना त्या असल्या गाठीला 'धिरडं' असंच म्हणायला लागल्या. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं, कारण मी भिंतीकडे तोंड करून हमसून रडत होते. "नातेवाइकांनी बाहेर जाऊन रडाचं," बाई मागे न बघता म्हणाल्या. मी बाहेर आले. थोड्या वेळानं सिस्टरनं माझ्या हातात मूठभर फुटाणे आणून ठेवले, म्हणाली, बाईंनी दिले. मी ते रडत रडतच खाल्ले. इतके चांगले फुटाणे मी परत खाल्ले नाहीत.

मग आई बाकावर बसली आणि खरी शोभली. जन्मभर तिनं घर सोडून आलेल्या पोरांना समोर बसवून वाढलेलं. रडवेल्या पोराला दोन घास कसे भरवायचे, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या शेजारी आलेल्या तरुण बाईला तिनं 'हे हवा नाई व माय' पासून सुरू करून बोंबलायचं कधी इथपर्यंत सगळं सांगितलं, आणि मधेच विचारलं, "जेवून आली का उपाशी?" बाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.

सहा महिने उलटून गेल्यावर आम्ही परत गेलो तेव्हा डिसेंबर होता. व्हरांड्यात सगळ्यांच्याच डोक्यावर टोप्या, मफलर. मी बाईंची चॉकलेटी टोपी शोधत होते, ती कुठे दिसेना. आईची तपासणी त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरनं केली. धिरडं होतं तसंच होतं, वाढलं नव्हतं. आई हातात नळी घेऊन बाकावर येऊन बसली आणि पुढच्या पेशंटची वाट पाहू लागली.

थोड्या वेळानं तिच्या शेजारी साध्या सुती साडीतली एक बाई येऊन बसली. डोक्यावर काही नाही, केस पांढरे, बारीक कापलेले. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

"सांगा, ताई," बाई म्हणाल्या.

आईला वाटलं, परीक्षा घेत आहेत. ती खुशीत सुरू झाली. "हे हवा नाई. दुसरा वायू हाय, जड. रक्तातल्या कणापेक्षा लहान," इथपर्यंत आली आणि तिची नजर बाईंच्या हातावर गेली. मनगटाच्या वर पांढरी चिकटपट्टी होती. पट्टीखाली सुईची नळी.

"कुठं हाय?" आईनं विचारलं.

"लिव्हरातच," बाई म्हणाल्या.

आई थांबली नाही. मला वाटलं थांबेल, पण नाही. तिनं आवाज खाली आणला आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. सायीचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं, गांधी आणि खाजेचं सांगितलं. बाई मान डोलावत ऐकत होत्या. ज्यांनी हे शेकडो लोकांना शिकवलं, त्या पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. मग आईनं नेमाप्रमाणे विचारलं, "कोणतं औषध झेपत नाई का? दम लागते का? छातीत दुखलं का कधी?"

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात जिना चढताना छातीत भरून आलतं. घाम फुटलता. इथल्या पोरांले नाही सांगितलं. म्हटलं, पह्यले गाठीचं पाहून घेऊ, नाही तर ते हे लांबवतीन."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवून, मेसमधल्या पोरांना हाक मारायची तशी, दारातून आत हाक मारली. "अवो डाक्टर! बाहीर या लवकर! तुमच्या बाईच्या छातीत दुखून राह्यलं, अन् ह्या लपवून राह्यल्या!"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला परत त्या बाकावर यायचं आहे. तपासणी त्या दिवशी झाली नाही. बाईंच्या हृदयाची एक नस बंद होत आली होती, ती आधी उघडली. गाठीचं नंतर, सावकाशीनं पाहिलं. ती आईसारखी निघाली नाही. पण लहान होती, वेळेत काढता आली. आता त्या निवृत्त होऊन केळझरजवळ भावाच्या मळ्यावर राहतात. आम्ही गेलो की आईला धिरडी करायला लावतात. त्या नसत्या तर आई त्या दिवशी ऑटोतून घरी गेली असती, आणि त्या गाठीला भीत भीतच जगली असती. हे उपकार फेडायचे कसे, मला अजून समजलेलं नाही. आईला मात्र त्या बाकावरच समजलं होतं.

चाकाची खुर्ची येईपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. बाईंचा नळीचा हात आईच्या नळीच्या हातात होता. बाई शिकाऊ पोरांवर पुटपुटत होत्या, मग पुटपुटायच्या थांबल्या.

"भेव वाटते?" आईनं विचारलं.

"वाटते."

"वाटू द्या," आई म्हणाली.

खुर्ची आली. बाईंना त्यात बसवलं. सिस्टर आईच्या हातातली नळी काढायला वाकली आणि म्हणाली, "काकू, तुमचा अर्धा तास झाला. जा आता घरी."

आईनं चपला पायात सरकवल्या, पदर खोचला, आणि खुर्चीच्या मागे निघाली. "माहा झाला व माय," ती म्हणाली. "यांचा अजून सुरू व्हायचा हाय."